मरणाचाही हिशेब मागा!

दलित स्त्री सवर्ण स्त्रीपेक्षा १४.६ वर्षे कमी जगते, हे वाक्य गेल्या काही वर्षांत आपल्या अनेक सभांतून ऐकू येते. संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संघटनेने २०१८ च्या आपल्या अहवालात हा आकडा दिला आणि तो पत्रके, भाषणे, निवेदने यांतून सर्वत्र पोहोचला. त्यामागची वेदना खरी आहे. परंतु त्या आकड्याचा अर्थ आपण नीट लावला आहे काय? विरोधकाने उलटतपासणीत एकच प्रश्न विचारावा आणि आपला पुरावा कोसळावा, ही पाळी चळवळीवर येता कामा नये. म्हणून माणसाचे आयुर्मान मोजतात कसे, हे आंबेडकरी कार्यकर्त्याने समजून घेतलेच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे मोजण्याचे शास्त्र जुने आहे. १६९३ साली एडमंड हॅली या शास्त्रज्ञाने ब्रेस्लाऊ शहरातील जन्ममृत्यूच्या नोंदींवरून एक तक्ता तयार केला. आज विमा कंपन्यांचे ॲक्च्युअरी, म्हणजे विमागणिती, त्याच मार्गाने जातात. एखाद्या वयाची किती माणसे वर्षभर आपल्या नोंदीत होती आणि त्यांपैकी किती दगावली, याचा भागाकार ते करतात. अंश मृतांचा, छेद त्या वयाच्या सर्वांचा. प्रत्येक वयाचा असा मृत्यूदर काढून त्यातील चढउतार गणिताने सारखे केले जातात. मग एक लाख बालके एकाच दिवशी जन्मली असे मानून हे दर क्रमाने लावत जायचे. पहिल्या वाढदिवसाला किती उरली, पाचव्याला किती, साठाव्याला किती, हे पाहायचे. त्या सर्वांनी मिळून जगलेली वर्षे एक लाखाने भागली की जन्मावेळचे सरासरी आयुर्मान मिळते. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०१४-१८ या काळात भारताचे आयुर्मान ६९.४ वर्षे होते, दिल्लीचे ७५.३ आणि छत्तीसगडचे ६५.२.

आता १४.६ कडे वळू. तो आकडा आयुर्मानाचा नाही. ज्या स्त्रिया मरण पावल्या त्यांच्या वयाच्या सरासरीतील तो फरक आहे. दलित स्त्रियांची सरासरी ३९.५ वर्षे आली, सवर्ण स्त्रियांची ५४.१. येथे केवळ अंश आहे, छेद नाही. एखाद्या वसतिगृहातील मृत विद्यार्थ्यांचे सरासरी वय काढले तर ते सतरा-अठराच येईल. म्हणून विद्यार्थी अठराव्या वर्षापर्यंतच जगतात असे कोणी म्हणेल काय? ज्या समाजात मुलाबाळांचे आणि तरुणांचे प्रमाण अधिक, त्या समाजातील मृतांचे सरासरी वय आपोआप खाली येते. १४.६ मध्ये जातिव्यवस्थेचा घाव आहेच. पण त्यात लोकसंख्येच्या वयरचनेचाही वाटा मिसळलेला आहे.

मग खरी दरी किती? संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता या संशोधकांनी २०२२ मध्ये नऊ राज्यांतील सुमारे दोन कोटी लोकांच्या सरकारी सर्वेक्षणावरून जातवार तक्ते मांडले. उच्चवर्णीय हिंदूंपेक्षा आदिवासींचे आयुर्मान चार वर्षांहून अधिक कमी आणि दलितांचे तीन वर्षांहून अधिक कमी आढळले. मुसलमानांचे सुमारे एक वर्षाने कमी होते. तीन वर्षे ऐकायला थोडी वाटतील. पण ती एका माणसाची नव्हेत, जन्माला येणाऱ्या प्रत्येक बालकामागची सरासरी आहे. त्याहून महत्त्वाचे असे की, गरिबी हिशेबात धरली तरी या दरीचा निम्म्याहून कमी भागच उलगडतो. जातीचा प्रश्न हा केवळ पोटाचा प्रश्न आहे, असे आम्हाला शिकवणाऱ्यांना हे चोख उत्तर आहे. १४.६ पेक्षा हा आकडा लहान आहे, पण तो उलटतपासणीत टिकतो.

मात्र ही नऊ राज्ये म्हणजे बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, आसाम आदी. त्यात महाराष्ट्र नाही! विमा कंपन्यांचे मृत्यूदर तक्तेही येथे उपयोगाचे नाहीत, कारण ते विमाधारकांवरून बनतात. ज्याच्याकडे हप्ता भरण्याइतके उत्पन्न आहे आणि जो वैद्यकीय तपासणीतून पार पडला, तोच त्या तक्त्यात येतो. गटारात उतरणारा सफाई कामगार, कचरा वेचणारी माय, उसाच्या फडातील मजूर यांच्यातील बहुतेकांचे मरण त्या तक्त्यात मोजलेच जात नाही.

या शास्त्राचा इतिहास निर्मळ नाही, हेही ध्यानात ठेवावे. अमेरिकेतील प्रुडेन्शियल कंपनीने १८८१ पासून कृष्णवर्णीयांना त्याच हप्त्यात एक तृतीयांश कमी रक्कम देण्यास सुरुवात केली. १८९६ मध्ये त्याच कंपनीच्या फ्रेडरिक हॉफमन या संख्याशास्त्रज्ञाने पुस्तक लिहून कृष्णवर्णीयांच्या अधिक मृत्यूंचे खापर त्यांच्या वंशावरच फोडले. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी त्याचे वाभाडे काढले. मृत्यू वंशामुळे नव्हे, घाणेरड्या वस्त्या, उपासमार आणि नाकारलेले उपचार यांमुळे होतात, हे त्यांनी मांडले. याच डु बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते. आपल्याकडेही परकीय विमा कंपन्या भारतीयांकडून जादा हप्ता घेत. १८७० साली स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअलने ती प्रथा मोडली. आकडा तोच, पण तो कोणाच्या हातात आहे यावर न्याय ठरतो.

बाबासाहेबांनी १९३२ मध्ये लोथियन समितीत हेच अनुभवले. अस्पृश्यांची संख्याच नाकारायची, म्हणजे हक्क देण्याचा प्रश्न उरत नाही, हा डाव त्यांनी ओळखला आणि आकड्यांनिशी उधळला. आज संख्या नाकारली जात नाही, मरणाची जात मात्र नोंदवली जात नाही. केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जनगणनेत जातगणना करण्याचा निर्णय घेतला. त्यातून छेद मिळेल. परंतु मृत्यू नोंदणीच्या अर्जात धर्म विचारतात, जात विचारत नाहीत. अंशाशिवाय छेद काय कामाचा?

म्हणून आमची मागणी अशी. मृत्यू नोंदणीच्या सांख्यिकी भागात सामाजिक प्रवर्गाची नोंद व्हावी. नमुना नोंदणी पद्धतीचे आयुर्मान तक्ते राज्यवार जसे निघतात तसे अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास आणि बौद्ध असेही निघावेत. त्यात साठाव्या वर्षी उरलेले आयुष्यही द्यावे. कर्मचारी पेन्शन योजनेचे निवृत्तिवेतन ५८ व्या वर्षी सुरू होते. ज्यांना लवकर मरण येते, त्यांना ते किती वर्षे मिळते, हे कळले पाहिजे. आणि या आकड्यांवरून जातीनुसार हप्ता ठरवण्यास कायद्याने स्पष्ट बंदी असावी.

सरकारकडे मागताना आपलेही कर्तव्य आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक बौद्ध नोंदले गेले. घरात मृत्यू झाला की २१ दिवसांच्या आत नोंद करा. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहा. वय अंदाजे साठ, अंदाजे सत्तर असे सांगू नका, कागद पाहून नेमके सांगा. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची पत्रिका छापण्याआधी हे काम झाले पाहिजे. प्रत्येक बुद्धविहारात एका शिकलेल्या तरुणाने ही जबाबदारी घ्यावी. आपल्या माणसाचे मरण नोंदले गेले, तरच ते टाळता आले असते काय, हा प्रश्न व्यवस्थेला विचारता येईल.