खाजकुयली : 'हात लावू नका' एवढंच सांगून थांबू नका



खाजकुयलीचं नाव काढलं की वर्गात आधी हशा पिकतो. मग आपण "हात लावायचा नाही हं!" असं बजावतो आणि विषय संपतो. माझ्या मते खरा धडा तिथेच सुरू होतो. "झाडपाल्याचं औषध आहे, अपाय कसला होणार?" हा समज घराघरांत आहे. तो दूर करायला खाजकुयलीसारखं दुसरं उदाहरण नाही.

त्र्यंबक, इगतपुरी, पेठच्या बाजूला पावसाळ्यात कुंपणावर चढणारा हा वेल. घेवड्यासारखी तीन-तीन पानं, जांभळ्या फुलांचे लोंबते घोस आणि हिवाळ्यात वाळणाऱ्या, सोनेरी-तपकिरी लव असलेल्या वाकड्या शेंगा. कूळ तूर-हरभऱ्याचंच. या लवेत म्युक्युनेन हे प्रथिन आणि सेरोटोनिन असतं, म्हणून खाज सुटते. संस्कृतात हिला 'आत्मगुप्ता' म्हणतात, म्हणजे स्वतःचं रक्षण करणारी. नावातच विज्ञान आहे बघा!

आता बी पाहू. सुक्या बियांत साधारण पाव हिस्सा प्रथिनं असतात, म्हणजे तुरीच्या तोडीस तोड. मग आपण हिची डाळ का करत नाही? कारण याच बियांत साधारण 3 ते 6 टक्के एल-डोपा असतं. 1937 मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते या बियांतून वेगळं केलं. एल-डोपापासून मेंदूत डोपामाइन तयार होतं. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनमध्ये, नेमकं तेच कमी पडतं. 1960 च्या दशकापासून एल-डोपा या आजाराचं मुख्य औषध आहे. आयुर्वेदात हेच बी कवचबीज म्हणून वापरतात, पण दुधात शिजवून, टरफल काढून, शुद्ध केल्यावरच.

रोग्याला जे औषध, ते निरोगी माणसाला जास्त प्रमाणात अपायकारक. मळमळ, उलट्या, भ्रम असे त्रास होतात. 1989 मध्ये मोझांबिकमध्ये अन्नपाण्याच्या टंचाईत लोकांनी या बिया नीट प्रक्रिया न करता खाल्ल्या आणि तिथे मानसिक भ्रमाची साथच आली. एरवी बिया उकळून, पाणी पुन्हा पुन्हा बदलून खाल्ल्या जातात, कारण एल-डोपा पाण्यात उतरतं. आपल्या सह्याद्रीतल्या आदिवासी घरांत कडूकंद असाच उकडून, पाणी ओतून खातात. हे ज्ञान पुस्तकाबाहेरचं असलं तरी रसायनशास्त्रच आहे. पाड्यावरच्या मुलांना ते वर्गात सांगू द्या. त्या दिवशी शिकवणारे ते असतील!

पालकहो, एक गोष्ट तुमच्यासाठी. कवचबीजाचं चूर्ण ताकदीसाठी म्हणून सहज मिळतं. घरात आजोबांना कंपवाताच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना न विचारता ते देऊ नका. गोळीत एल-डोपाचं प्रमाण ठरलेलं असतं, सोबत बहुधा कार्बिडोपाही असतं. चूर्णाच्या चमच्यात किती गेलं, हे कोण मोजणार? दोन्ही एकत्र झाले की मात्रा वाढते.

वर्गात काय करता येईल? शेंग आणू नका, चित्र दाखवा. काष्ठौषधीच्या दुकानातून स्वच्छ बिया आणा, त्या वालाच्या बियांशेजारी ठेवा आणि फरक लिहून घ्या. बिया मोजून द्या, मोजून परत घ्या. फळ्यावर तीन रकाने आखा : अन्न, औषध, विष. मुलांना विचारा, हे बी कुठे लिहायचं? ती वाद घालतील, घालू द्या. "किती आणि कसं, यावर अवलंबून आहे," असं एखाद्याच्या तोंडून आलं, की समजा धडा पोचला.

आणि हो, कुणाला लव लागलीच तर चोळू देऊ नका. चिकटपट्टीने काढा, मग साबणाने धुवा. डोळ्यात गेली तर भरपूर पाण्याने धुऊन थेट दवाखाना गाठा.