दुर्बीण नाकात, रुग्ण अंधारात

महागावहून पुसदला, यवतमाळला किंवा थेट नांदेडला नाक-कान-घशाच्या तज्ज्ञाकडे निघालेल्या माणसाचा खर्च तपासणीच्या शुल्कापुरता नसतो. एस. टी. चे भाडे, बुडालेला रोज, सोबतच्या नातेवाइकाचा बुडालेला रोज, बाहेरचे खाणे हे सारे त्यात धरावे लागते. एवढे करून तो दवाखान्यात पोहोचतो आणि ‘दुर्बीण टाकून पाहावे लागेल’ हे शब्द कानावर पडताच गार होतो. दुर्बीण म्हणजे ऑपरेशन, अशी सर्वसाधारण समजूत. मग कोणी ‘पुढच्या आठवड्यात येतो’ म्हणून उठतो आणि फिरकत नाही. कोणी एकही प्रश्न न विचारता मुकाट्याने खुर्चीत बसतो. दोघांचेही नुकसानच होते.

केनेथ ॲरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1963 साली वैद्यकीय सेवेच्या अर्थकारणावर एक निबंध लिहिला. त्यातील मुख्य मुद्दा असा की, येथे विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते विकत घेणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणून हा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही. बैलबाजारात शेतकरी बैलाचे दात पाहतो. दवाखान्यात तो काय पाहणार? ही दरी संपूर्ण बुजणार नाही हे खरे. परंतु नाकाच्या दुर्बिणीसारख्या साध्या तपासणीबाबत ती पाच मिनिटांत बरीच कमी करता येते, आणि तेवढीही केली जात नसेल तर त्याला सबब नाही.

वस्तुतः ही तपासणी जुनीच. 1901 साली हिर्शमन या जर्मन डॉक्टराने मूत्राशय पाहण्याच्या नळीत फेरफार करून तिने चेहऱ्याच्या हाडांतील पोकळी पाहिली. पुढे हॉपकिन्स या ब्रिटिश पदार्थवैज्ञानिकाने काचेच्या कांड्यांची स्वच्छ प्रतिमा देणारी दुर्बीण सिद्ध केली आणि ऑस्ट्रियातील ग्राझ येथे मेसरक्लिंगर यांनी तिच्यावर नाकाच्या आजारांचे नवे शास्त्र उभारले. आज वापरात असलेली दुर्बीण सुमारे तीन-चार मिलिमीटर जाडीची, ताठ अथवा लवचीक असते. रुग्णाला बसवूनच तपासतात. आधी नाकातील सूज उतरवणारे व भाग बधिर करणारे औषध फवारतात, किंवा त्यात भिजवलेली कापसाची वात ठेवतात. औषध घशात उतरले की कडू लागते, घसा जाड झाल्यासारखा वाटतो, गिळणे जमत नाही असा भास होतो. आधी सांगितले नसेल तर माणूस याच क्षणी घाबरतो. दाब जाणवतो, डोळ्यांतून पाणी येते, शिंक येते. तीव्र वेदना सहसा होत नाहीत आणि तोंडाने श्वास चालूच राहतो. काम काही मिनिटांचे. किंचित रक्त येऊ शकते, क्वचित भोवळ येते.

भूल द्यायची नसल्याने उपाशी राहण्याची गरज बहुधा नसते. उलट मधुमेहाची गोळी घेऊन पहाटेच्या गाडीने उपाशीपोटी आलेला रुग्ण साखर उतरून कोसळतो आणि दोष दुर्बिणीला लागतो. तपासणीनंतर मात्र घशाचा बधिरपणा जाईपर्यंत, म्हणजे साधारण तासभर, काही खाऊ-पिऊ नये. ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, वारंवार घोळणा फुटत असेल, बधिर करण्याच्या औषधाचा पूर्वी त्रास झाला असेल, तर ते आधी सांगावे. त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करणे मात्र हृदयविकाराच्या रुग्णाला घातक ठरू शकते. दुर्बीण दोन रुग्णांच्या मध्ये निर्जंतुक केली जाते ना, हेही विचारावे. त्यात उद्धटपणा नाही.

न पाहण्याची किंमत किती, हे 2021 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राने अनुभवले. कोरोनातून उठलेल्या, विशेषतः मधुमेह असलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांना काळ्या बुरशीने गाठले. एका बाजूचा गाल दुखणे, नाकातून काळपट स्राव, हलणारे दात, एकाच्या दोन वस्तू दिसणे ही लक्षणे. बुरशी नाकातून डोळ्याकडे व मेंदूकडे सरकते. कित्येकांचा डोळा, कित्येकांचा वरचा जबडा काढावा लागला. ॲम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी नातेवाईक वणवण फिरले. मे महिन्यात वर्ध्यात त्याचे उत्पादन सुरू झाले तेव्हा विदर्भाला हायसे वाटले. चर्चा सारी इंजेक्शनाची झाली. पण त्याआधीची पायरी दुर्बिणीची होती. फिकट पडलेला किंवा काळवंडलेला भाग दुर्बिणीत दिसला, त्याचा कण काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की काही तासांत बुरशी ओळखता येई. ‘सर्दी आहे, जाईल’ म्हणून गेलेला एकेक दिवस तेथे महाग पडला.

म्हणून प्रत्येक वाहत्या नाकात दुर्बीण घालावी असे नव्हे. साधी सर्दी आपोआप बरी होते. एकाच बाजूचे नाक सतत बंद राहणे, पुन्हा पुन्हा रक्त येणे, महिनोन्‌महिने वास न येणे, औषधाने न हटणारा सायनसचा त्रास, यांसाठी ती आहे. आणि तिलाही मर्यादा आहे: बंद पोकळीच्या आत काय आहे हे ती दाखवत नाही, त्यासाठी सी. टी. स्कॅन लागतो.

आणखी एक गोष्ट सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2008 मध्ये हे स्पष्ट केले. तेथे पोटाच्या दुर्बिणीच्या तपासणीसाठी संमती देणाऱ्या स्त्रीचे गर्भाशयच काढण्यात आले होते. नाकाच्या दुर्बिणीत कोंब दिसला आणि ‘लगेच काढून टाकू’ असे कोणी म्हणाले, तर जिवावरचे संकट नसेल तेव्हा घरी जाऊन विचार करण्याचा हक्क रुग्णाला आहे. काय दिसले ते लेखी मागण्याचाही आहे.

महागावच्या डॉक्टराने रुग्णाला पुढे पाठवताना दिलेल्या चिठ्ठीची मागची बाजू कोरी असते. खाऊन या, चालू गोळ्यांची पाकिटे सोबत आणा, सोबत माणूस असू द्या, नंतर तासभर पाणी नको: एवढा मजकूर मराठीत तेथे छापायला शासनाच्या नव्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही.