सौम्य रक्तदाब : गोळी स्वस्त, खेप महाग

रक्तदाबाचा वरचा आकडा १४० ते १५९ किंवा खालचा ९० ते ९९ असेल, तर त्यास ‘सौम्य’ म्हणण्याचा प्रघात आहे. हे विशेषण फसवे आहे. अशा दाबाने माणूस अंथरूण धरीत नाही, कामाचा खाडा होत नाही. परंतु मेंदू, हृदय व मूत्रपिंड यांची हानी वर्षानुवर्षे निमूटपणे होत राहते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरील २४ टक्के पुरुष व २१ टक्के स्त्रिया उच्च रक्तदाबाच्या वर्गात मोडल्या. मोजणीत ज्यांचा दाब वाढलेला आढळला, त्यांत बहुसंख्य सौम्य टप्प्यातीलच होते.

उपाय अवघड नाहीत. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, नियमित चालणे, वजनावर ताबा, तंबाखू व मद्य वर्ज्य. काही महिन्यांत एवढ्याने दाब उतरला नाही, किंवा जोडीला मधुमेहासारखा विकार असला, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजची गोळी. ॲम्लोडिपिनसारखी जुनी औषधे स्वस्त आहेत. सरकारी दवाखान्यात तर ती मोफत मिळतात.

मग उपचार मध्येच का सुटतात? त्याला अज्ञान म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण शेतमजुराला महिन्याच्या गोळ्यांसाठी तालुक्याला जावे लागले, तर एसटीचे भाडे पडते आणि दिवसाची मजुरी बुडते. गोळी फुकट असली, तरी उपचार फुकट नसतो. तोटा आजचा आणि रोख. लाभ दूरचा आणि न दिसणारा. न दुखणाऱ्या दुखण्यासाठी तो ही खेप टाळतो, यात त्याचा हिशेब चुकत नाही, व्यवस्थेचा चुकतो.

२०१८-१९ मध्ये भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाची सुरुवात पाच राज्यांत झाली. महाराष्ट्रात भंडारा, वर्धा, सातारा व सिंधुदुर्ग हे जिल्हे निवडले गेले. मोजकी औषधे, एकसारखी उपचारपद्धती, प्रत्येक रुग्णाची नोंद आणि घराजवळ सेवा, हे त्याचे सूत्र. ते योग्यच आहे. आता ते पुरतेपणी अमलात यावे. ज्यांचा दाब स्थिरावला आहे, त्यांना एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात. त्या गावच्या उपकेंद्रात, मजूर घरी परतण्याच्या वेळी मिळाव्यात. अन्यथा आज वाचलेली मजुरी उद्या पक्षाघाताच्या उपचारांत, कर्जाच्या व्याजासह, फेडावी लागेल. ती फेड मात्र साऱ्या कुटुंबाच्या वाट्याला येते.