वीज सरळ जाते, माणूस नागपूरमार्गे

परवा भाच्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "मामाजी, तुम्ही उगाच रडता. हे बघा, चंद्रपूर ते मुंबई, विमानाने दीड तास." मी बघितलं. निळी रेघ, रेघेवर इवलंसं विमान. हे उडतं कुठून, एवढंच विचारलं, तर पोरगं गप्प. चंद्रपूरजवळच्या मोरव्याच्या धावपट्टीवर तिकीट काढलेला प्रवासी मी अजून पाहायचाय. तिथे उतरायला साहेब असावं लागतं. राजुऱ्याकडच्या मूर्ती-विहीरगावच्या नियोजित विमानतळाबद्दल, तिथल्या वनजमिनीच्या घोळाबद्दल, मी इथे इतकं खरडलंय की तुम्हालाच पाठ असेल.

पण त्या रेघेचा नाद लागला. मोजून पाहिलं. चंद्रपूर-मुंबई सरळ रेषेत सुमारे 680 किलोमीटर. मग नागपूर-मुंबई मोजलं, तेही 680च्या आसपास! म्हणजे मुंबईला दोन्ही गावं सारखीच लांब. तरी पश्चिमेला जायचं म्हणून आम्ही आधी दीडशे किलोमीटर उत्तरेला जातो. भद्रावती, वरोरा, जाम, बुटीबोरी, मग विमान. (नागपूरकरांनी रागावू नये. रागावले तरी विमानतळ त्यांच्याकडेच राहणार आहे.)

आता हे पाहा. 1999 साली चंद्रपूरहून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत विजेची एक खास वाहिनी सुरू झाली. एकदिश प्रवाहाची, 500 किलोव्होल्टची, 1500 मेगावॉट वाहून नेणारी. लांबी 752 किलोमीटर. मनोरे रोवत, शेतं-डोंगर ओलांडत ती तडक गेली. तिला कोणी नागपुरात गाडी बदलायला लावली नाही. कोळसा आमचा, राख आमची, उन्हाळ्यातला 46-47चा पारा आमचा, आणि वीज डोळ्याची पापणी लवायच्या आत पडघ्याला. म्हणजे चंद्रपूर-मुंबई सरळ वाट काढता येते, हे सरकारला पाव शतकापासून ठाऊक आहे. फक्त त्या वाटेने जायला माणसाच्या अंगात करंट पाहिजे.

माणसाचा हिशेब असा. नागपूरपर्यंत तीन तास, विमानतळावर दोन तास आधी, दीड तास विमान, मुंबईत बाहेर पडून मुक्कामी पोहोचेपर्यंत आणखी एक. साडेसात झाले. त्या दीड तासातही प्रत्यक्ष हवेत असतो तासभर. उरलेला वेळ धावपट्टीकडे रांगत जाण्यात.

सिरोंच्याचं तर बोलूच नये. नकाशात पट्टी ठेवा: मुंबईच्या जवळजवळ नाकासमोर पूर्वेला, साधारण साडेसातशे किलोमीटरवर. पण तिथल्या माणसाला आधी आलापल्लीचा रस्ता पार करायचा, आणि पावसाळ्यात तो रस्ता आहे की नदी हे खाली उतरूनच कळतं. त्यापेक्षा तो प्राणहितेच्या पुलावरून तेलंगणात शिरतो आणि हैदराबाद गाठतो. शहाणा आहे.

भाच्याचं विमान सकाळी सातच्या आत होतं. गाडीवाला म्हणाला, "भाऊ, दोनला उचलतो, जामला चहा घेऊ." पावणेदोनला बॅगा घेऊन फाटकाशी आलो तर गल्लीतली लाइट गेलेली. पोराने तोच मोबाइल काढला, बॅटरी लावली आणि उंबऱ्यात सुटलेली चप्पल शोधू लागला.