आमच्या मुक्कामाचं संमतिपत्र

इस्लापूरच्या स्टँडवर मागच्या वर्षी एक बॅनर लागलं. गावातल्या एका बड्या घरच्या पोराचा फोटो, कोट घातलेला, नि खाली मोठ्या अक्षरात : 'इस्लापूरचे भूषण, लंडन येथे स्थायिक.' त्याच बॅनरखाली मला एका मास्तरानं विचारलं, "काय बे, सरकारच्या पैशावर गेलतास, परत आलास ते बरं केलंस. तिथंच राहिला असतास तर बेइमानी झाली असती."

एकच देश, एकच व्हिसा. त्यानं राहिलं तर भूषण. मी राहिलो असतो तर बेइमान. ह्या दोन शब्दांच्या मधे जी भिंत आहे तिच्याबद्दल मी लिहितोय. ज्यांना साजूक भाषा पाहिजे त्यांनी पान उलटावं.

आधी कायदा सांगतो, कारण आपल्या पोरांना तो कुणी सांगत नाही. ब्रिटनमध्ये शिकून झालं की नोकरी शोधायला थांबता येतं. त्याला तिथं ग्रॅज्युएट रूट म्हणतात. जुनी सवलत त्यांनी २०१२ ला बंद केली होती, ही १ जुलै २०२१ ला सुरू झाली. दोन वर्षं मिळतात, पीएचडीवाल्याला तीन. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दोनाऐवजी दीडच वर्ष, पीएचडीवाल्याला मात्र तीनच. हा मुक्काम एकदाच मिळतो, वाढवून मिळत नाही. अर्ज तिथंच राहून, विद्यार्थी व्हिसा संपायच्या आत करायचा. घरी येऊन करता येत नाही. विद्यापीठानं 'पोरगं पास झालं' असं त्यांच्या सरकारला कळवलेलं पाहिजे. फी थकली नि निकाल अडकला, तर कळवणं अडकलं.

इथपर्यंत नियम सगळ्यांना सारखा. आता खरी गोम ऐका. मागच्या बारा महिन्यांत ज्याची फी नि खाणं-राहणं, दोन्ही एखाद्या सरकारच्या शिष्यवृत्तीनं भरलं, त्यानं त्या सरकारचं लेखी संमतिपत्र जोडायचं. बापानं दोन एकर विकून पाठवलं त्याला हे पत्र लागत नाही. बापाकडं विकायला जमीनच नाही म्हणून जो शिष्यवृत्तीवर गेला, त्याला लागतं. नियम गोऱ्यांनी लिहिला, त्यांना आपल्या जातींचं काय पडलंय? पण तो नियम विमानातून इथं उतरला की बरोबर आमच्याच डोक्यावर बसतो. ह्या देशात जमीन कुणाकडं आहे नि कुणाकडं नाही, हे काय आता फोड करून सांगायचं?

माझा अभ्यासक्रम सप्टेंबर २०२४ ला संपला. व्हिसा जानेवारी २०२५ पर्यंत. अर्जाची फी ८२२ पौंड, वर दोन वर्षांच्या दवाखान्याचा कर २,०७०. म्हणजे २,८९२ पौंड, आपले तीन लाख होऊन जातात. आठवड्याला वीस तास काम करायची परवानगी असते, त्यात गोदामात खोकी उचलून मी बरेचसे साठवले. बाकीच्यासाठी बहिणीनं गळ्यातलं मोडलं. मायनं बचत गटातून उचल घेतली. पैसे होते. कागद नव्हता.

संमतिपत्रासाठी मी सप्टेंबरातच अर्ज पाठवला. कार्यालयाचं नाव घेत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटतात. ह्या टेबलावरून त्या टेबलावर. साहेब रजेवर. असं पत्र देण्याची पद्धत नाही. पद्धत आहे पण नमुना नाही. शेवटी फोनवर एकजण बोलला, "तुम्हाला शिकायला पाठवलंय, राहायला नाही." त्याचा आवाज चढलेला नव्हता. जेवण झाल्यावर बोलावं तसा बोलला. मी जानेवारीत परत आलो. किनवटच्या गाडीतून उतरून घरी गेलो तर माय कापूस वेचून नुकतीच आली होती. म्हणाली, "कागुद नाही दिलं का रं त्यांनी?" शाळेत एक दिवस न गेलेल्या बाईला कळलं होतं की अडलंय ते कागदावर. साहेबाला नाही कळलं.

आता आपल्यातल्या शहाण्यांना. तुमचंही ऐकलंय मी. "बाबासाहेब परत आले होते, तू काऊन रडतोस?"

आले होते. पण दोनदा आले, हे का गिळता? १९१३ ला बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले, तिथून १९१६ ला लंडनला. शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ ला अर्धा अभ्यास टाकून त्यांना परतावं लागलं. करार होता, दहा वर्षं बडोद्याची नोकरी. त्या नोकरीनं काय दिलं? शिपाई फायली लांबून फेकायचे. राहायला घर मिळेना. पारशी खाणावळीत राहिले तर काठ्या घेऊन आलेल्या जमावानं बाहेर काढलं. कोलंबिया नि लंडन शिकून आलेला माणूस बागेत बसून रडला. हे सक्तीचं परतणं!

पण लंडन सोडताना त्या माणसानं विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करायची परवानगी मिळवून ठेवली होती. मुदत वाढवून मागितली होती, मित्रांनो! मग सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, नवल भथेनांकडून उसने घेतले, शाहू महाराजांनी मदत केली, नि १९२० ला पुन्हा लंडन गाठलं. बॅरिस्टर होऊन १९२३ ला आले, डी. एस्सी. आल्यावर त्याच वर्षी मिळाली. हे दुसरं परतणं त्यांचं स्वतःचं होतं. स्वतः ठरवून आलेलं. इतिहास घडवला तो ह्या दुसऱ्यानं.

मी बाबासाहेब नाही. माझी लायकी मला माहीत आहे. पण पहिलं परतणं माझ्या गळ्यात बांधायचं नि दुसऱ्याचं नाव घेऊन टाळ्या वाजवायच्या, ही लबाडी मी चालू देणार नाही.

समाजाचं देणं मी मानतो. ज्या नांदेड जिल्ह्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हटल्यावर १९७८ ला टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना मारलं, ज्या नांदेडात १९९३ ला गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं, त्या मातीतला पोरगा देणं विसरत नसतो. पण मोकळ्या हातानं काय फेडू? दोन वर्षं कमावलं असतं तर बहिणीचं सोनं सुटलं असतं, गावातली चार पोरं पुढं नेली असती. आज मी बचत गटाचा हप्ता फेडतोय. आणि आयआयटीत सरकारी पैशावर शिकून जे कायमचे तिकडं गेले, त्यांच्याकडं कुणी देणं मागितलं? त्यांच्यासाठी तर विमानतळावर हार!

म्हणून भीक नको, तीन गोष्टी द्या. शिष्यवृत्तीच्या मंजुरीपत्रालाच मुक्कामाचं संमतिपत्र जोडून द्या, म्हणजे पोराला टेबलं पुजावी लागणार नाहीत. फीचे पैसे मुदतीआधी विद्यापीठात पोचवा. नि त्या मुक्कामाची फी बिनव्याजी उसनी द्या, कमावून फेडू. ह्यात सरकारचं काही बुडत नाही. बुडतो तो फक्त फोनवरच्या त्या आवाजाचा माज.

आणि पुढं जाणाऱ्या पोरांनो, माझ्यासारखं सप्टेंबरला जागे होऊ नका. निघायच्या आधीच ते पत्र लेखी मागा, नाही दिलं तर नकार लेखी मागा. आमची पिढी तोंडी नकारांवरच मेली.

परत यायचं का नाही, ते आम्ही ठरवू. गावात कुठं राहायचं ते हजारो वर्षं तुम्ही ठरवलंत. तेवढं बस झालं.

जय भीम!