धरण उशाला, कोरड घशाला



मृग कोरडा गेला की आपण आभाळाकडे पाहतो, सरकी दडपावी की थांबावे याचा घोर लागतो. त्याच दिवसांत मुंबईची वर्तमानपत्रे उघडून पाहा. पहिल्या नाही तर तिसऱ्या पानावर एक चौकट असते : 'तलावांतील पाणीसाठा'. विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा, भातसा. सात तलाव आणि सात आकडे. गिरगावातला माणूस चहा पिता पिता तो आकडा वाचतो आणि भरला म्हणून समाधानाने पान उलटतो. ज्याच्या नळाला पाणी येते त्याने तेवढे पाहावे, त्याचा दोष नाही. पण त्या तलावाच्या काठावर कोण राहते, त्याच्या हंड्यात किती पाणी आहे, हे सांगणारी चौकट अजून कोणी छापलेली नाही.

कोणी म्हणेल, आपण कापूस-ज्वारीवाले कोरडवाहू लोक. जिल्हा बैठकीच्या पत्रकात मुंबईच्या तळ्यांचे पुराण कशाला? कशाला ते शेवटी कळेल. आधी गोष्ट ऐका.

वाड्या, भाट आणि तळी

गिरगावात फिरताना पाट्या वाचाव्यात. मुगभाट, बोरभाट, फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, जांभूळवाडी. थोडे पुढे खेतवाडी. भुलेश्वरकडे फोफळवाडी. आणि लालबाग तर नावानेच बाग. आज जिथे चाळ आणि टॉवर एकमेकांच्या अंगावर रेलून उभे आहेत, तिथे एकेकाळी माड, पोफळी, फणस आणि भाताची खाचरे होती. शेत गेले, नाव राहिले.

तशीच तळ्यांची नावे राहिली. धोबी तलाव म्हणतात, तिथे तलाव नाही. सी. पी. टँक म्हणतात, तिथे कावसजी पटेलांचा तलाव नाही. गवालिया टँक म्हणतात, तिथे गवळ्यांनी गुरे धुवायला आणावीत असे पाणी नाही. तिथे मैदान आहे, आणि ८ ऑगस्ट १९४२ ला त्याच मैदानावरून इंग्रजांना 'चले जाव' सांगितले गेले. मुंबादेवीचा तलाव बुजला. लालबाग-काळाचौकीच्या बाजूला 'परळ टँक रोड' आहे. रोड आहे, टँक नाही. शिल्लक राहिले ते वाळकेश्वरचे बाणगंगा, तेही देवाच्या आधाराने.

ही तळी बहुतेक दानातून झालेली. धोबी तलावाला ज्यांचे नाव होते त्या फ्रामजी कावसजींनी गिरगावच्या मुगभाटात विहिरी खणून लोकांच्या पाण्याची सोय केली होती. तळ्यावर धुणे होई, गुरे पाणी पीत, बायका सुखदुःख बोलत, पाणक्यांची पोटे भरत. तळे म्हणजे त्या वस्तीचा पारच होता.

पण फार गोड बोलू नये. त्या पाराला जात होती. सार्वजनिक तळी, विहिरी सर्वांना खुल्या व्हाव्यात हा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात मांडावा लागला. तो मांडणाऱ्या सी. के. बोल्यांचे नाव आज दादरच्या एका रस्त्याला आहे. त्या ठरावाला महाडात कोणी जुमानले नाही, म्हणून परळच्या चाळीत राहणारे बाबासाहेब आंबेडकर २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. तळे टिकवा म्हणणाऱ्याने तळे कोणाचे, हा प्रश्न आधी सोडवला पाहिजे. हे आपल्या गावालाही लागू आहे.

तळी का बुजवली?

ज्यांनी तळी बुजवली ते काही वेडे नव्हते. मुंबईत हिवतापाने माणसे मरत होती. सरकारने बेंटली नावाच्या डॉक्टरला कामाला लावले. त्याचा अहवाल १९११ साली आला. त्याने दाखवून दिले की हिवतापाचा डास विहिरींत आणि हौदांत वाढतो. मग विहिरी झाका, बुजवा, तळी भरून काढा, असा सपाटा लागला. लोकांनी विरोध केला. पारशांना विहीर पवित्र, हिंदूंना देवाच्या अभिषेकाला विहिरीचे पाणी हवे. तरी पुष्कळ पाणवठे गेले. आपल्यातल्या ज्या म्हाताऱ्यांनी नारू पाहिला आहे, त्यांना उघड्या पाण्याची भीती काय असते ते सांगायला नको.

म्हणजे रोग खरा होता. चूक उपायात झाली. डास मारायचा तर पाणी राखून, साफ ठेवूनही मारता येत होता. खर्च आणि कष्ट जास्त होते इतकेच. पण शहराला तोवर दुसरीकडून पाणी मिळाले होते. दुसऱ्याच्या आडातले पाणी पोहऱ्यात यायला लागले की स्वतःच्या आडाची कोणाला पडली आहे?

दुसऱ्याचा आड

१८५६ च्या सुमारास मुंबईत पाण्याचा असा दुष्काळ पडला की गुरे माहीमकडे हलवावी लागली, आणि पाणी नावांतून व आगगाडीने आणावे लागले. लातूरला २०१६ साली मिरजेहून पाण्याची गाडी गेली तेव्हा आपल्याला नवल वाटले होते. मुंबईने तो प्रकार दीडशे वर्षांपूर्वी पाहिला होता. त्या टंचाईतून मिठी नदी अडवून १८६० साली विहारचे पाणी शहरात आले. मग तुळशी १८७९, तानसा १८९२. स्वराज्य आल्यावर १९५७ च्या सुमारास मोडक सागर, १९७३ च्या सुमारास अप्पर वैतरणा, १९८० च्या दशकात भातसा आणि २०१४ साली मध्य वैतरणा. दर पिढीला शहर एक पाऊल पुढे सरकले. आधी साष्टीच्या डोंगरात, मग शहापुरात, मग वाडा-मोखाड्यात, मग थेट नाशिक जिल्ह्यात. आज रोज साधारण ३८५ कोटी लिटर पाणी मुंबईला जाते, आणि त्यातले निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचे असते.

आता त्या तलावांच्या काठचे लोक पाहा. ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी, कुणबी. भात, नागली, वरई पिकवणारे. तानसा, भातसा, मोडक सागर, मध्य वैतरणा ज्या शहापूर तालुक्यात किंवा त्याच्या शिवेला आहेत, त्या तालुक्यातल्या गावपाड्यांना दर उन्हाळ्यात टँकर लावावा लागतो. पाऊस तिथे आपल्या कितीतरी पट पडतो. धरणे उशाशी आहेत. मुंबईला जाणारे माणूसभर उंचीचे नळ दारावरून गेले आहेत. आणि बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन ओहोळातल्या झऱ्याकडे चालली आहे. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण झाली आहे ती अशीच.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला शेतकऱ्यांचा पायी मोर्चा आला. त्यात बहुतेक आदिवासी शेतकरी होते. दहावीच्या मुलांची परीक्षा चुकू नये म्हणून ते सायनहून आझाद मैदानापर्यंत रातोरात चालत गेले. ती वाट दादर-परळवरूनच जाते. मुंबईकर रस्त्यावर उतरले, त्यांनी पाणी दिले, बिस्किटे दिली, कोणी चपला दिल्या. माणुसकी फार मोठी होती, ती विसरू नये. पण एक गोष्ट त्या रात्री कोणाच्या ध्यानात आली नसेल. ओंजळीत पडलेले ते पाणी त्याच डोंगरांतून आलेले होते. ज्याचे पाणी, त्यालाच ते दान म्हणून मिळाले.

आपली मालाची गोष्ट याहून काय वेगळी आहे? वऱ्हाडातला कापूस मुंबईला जायचा आणि धोतर होऊन आपल्याला दामदुपटीने परत यायचा. कापसाला भाव नाही म्हणून आपण रस्त्यावर बसतो. तलावकाठच्या माणसाच्या पाण्याला तर भावच लावलेला नाही. मुंबईत घरगुती पाणी हजार लिटरला पाच-सात रुपयांच्या घरात पडते. चाळीतल्या गिरणी कामगाराच्या बायकोला ते स्वस्तच मिळाले पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. पण चाळिसाव्या मजल्यावर पोहण्याचा तलाव भरणाऱ्यालाही डोंगरातले पाणी मातीमोलाने का? आणि वसूल झालेल्या पट्टीतला एक तरी पैसा हक्काने काठच्या गावाला का जाऊ नये?

गिरण्या गेल्या, पाणी परत आले

आता लालबाग-परळकडे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. भोंगे बंद पडले. ५८ गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन शहराच्या मधोमध उरली. १९९१ च्या नियमाप्रमाणे त्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते : एक मोकळ्या मैदानांना, एक घरांना, एक मालकाला. शहराला श्वास घ्यायला आणि पाणी मुरायला जागा मिळण्याची ती शेवटची संधी होती. २००१ साली नियम बदलला. वाटणी सबंध जमिनीची न होता फक्त रिकाम्या जागेची होऊ लागली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००६ साली बदल कायम झाला. मैदाने आक्रसली, टॉवर वाढले.

पाण्याला मात्र नियम बदलल्याचे कोणी कळवले नाही. ते जुन्या सखल जागी येतच राहिले. दादर-परळच्या मधले हिंदमाता म्हणजे बशीचा तळ. थोडा पाऊस झाला की तिथे कमरेइतके पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि सगळी मुंबईच बुडाली. अखेर महापालिकेने काय केले? दादरला प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळला सेंट झेवियर्स मैदानाखाली प्रचंड टाक्या खोदल्या. हिंदमाताचे पाणी त्यांत साठवायचे आणि भरती ओसरली की समुद्रात सोडायचे.

भावांनो, याला तळेच म्हणतात. शंभर वर्षांपूर्वी फुकट असलेली तळी पैसा खर्चून बुजवली, आणि आता कोट्यवधी खर्चून जमिनीखाली तळी खोदली. फरक इतकाच की जुन्या तळ्याचे पाणी माणसे-गुरे पीत होती, नवीनचे समुद्रात जाते. आणि पिण्यासाठी वाडा तालुक्यात गारगाईचे नवे धरण हवेच आहे, त्यात जंगल आणि आदिवासींची गावे बुडणार आहेत.

आपले काय?

आता कळले असेल ही गोष्ट का सांगितली. मुंबईला हसणे सोपे आहे. जरा आपल्या गावात या. गावतळे कुठे आहे? निम्म्यावर अतिक्रमण, निम्म्यात प्लॅस्टिक आणि गटार. कुठे ते बुजवून व्यापारी गाळे काढले, कुठे एसटीचा थांबा केला. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आईबापांनी दगड फोडून, पाट्या वाहून पाझर तलाव बांधले. त्यांत आज गाळ किती आणि पाणी किती, हे कोणी मोजले? बोअर आली, तळ्याकडे पाठ फिरली. मुंबईला तानसा सापडला तशी आपल्याला बोअर सापडली. पण बोअरला तानसाइतका पाऊस नाही. आपल्यामागे सात तलाव उभे नाहीत. मुंबईची चूक शहापूर निस्तरते, आपली चूक निस्तरायला कोणी नाही.

म्हणून या बैठकीपुढे चार गोष्टी ठेवतो. पटल्या तर ठराव करा, न पटल्या तर उभे राहून खोडून काढा.

एक, धरणाच्या पाण्यावर पहिला हक्क काठच्या गावाचा. आधी त्याचा हंडा भरेल, मग नळ पुढे जाईल. हा नियम भातसाला लागला तर उद्या आपल्या जिल्ह्यातल्या धरणालाही लागेल. शहापूरच्या बायकांची मागणी आपलीही मागणी आहे.

दोन, शहराने पाण्याचा दाम द्यावा. 'भीक नको, हवे घामाचे दाम' हे आपण कापसासाठी म्हणालो. डोंगरातल्या माणसाने राखलेल्या रानाला आणि पाण्यालाही तेच लागू. पट्टीतला ठरलेला वाटा ग्रामसभेच्या हातात यावा. साहेबाच्या मेहेरबानीवर मिळणारा निधी नको.

तीन, नवे धरण मागण्याआधी शहराने स्वतःच्या छपरावरचे पाणी धरावे, गळके नळ जोडावेत, वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा वापरावे. छपरावरचे पाणी मुरवण्याचा नियम मुंबईत २००२ पासून आहे. तो कागदावरून छपरावर चढू द्या.

चार, आणि हे आपल्याला कोणाकडे मागायचे नाही. आपले गावतळे मोजा, शिवेचे दगड रोवा. गावतळी आणि गायरानावरची अतिक्रमणे काढावीत असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच सांगितले आहे. तो निकाल ग्रामसभेत वाचून दाखवा. गाळ काढा आणि शेतात टाका. २०१७ पासून त्यासाठी सरकारची योजनाही आहे, पण योजनेची वाट पाहत बसू नका. आणि तळ्याच्या पायरीवर सगळ्या आळ्यांची पावले पडू द्या, नाहीतर ते राखायला सगळे हात येणार नाहीत.

गिरगावात आज म्हातारीकोतारी माणसे 'तलावाशी उतरा' म्हणतात आणि बस चौकात थांबते. आपल्या नातवंडांनी 'तळ्यावर जातो' म्हणावे आणि तिथे पाणी असावे, एवढे आपल्या हातात आहे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या गावच्या तळ्याचे माप लिहून आणावे : किती होते आणि किती उरले. बोलायचे ते त्या कागदावरून बोलू.