टेपांवरची मराठी वाचवा, आजच

वाडा कोसळला तर बातमी होते. टेप सडली तर होत नाही. म्हणूनच हा इशारा द्यावा लागतो आहे. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढची वीसेक वर्षे मराठी माणसाने घरात बसून जे गाणे ऐकले, जी कविता आणि जे नाट्यप्रवेश पाहिले, त्यातले बरेचसे आज पुन्हा पाहायला मिळणार नाही. त्यातले काही थेट प्रक्षेपित झाले आणि हवेत विरले, काही पुसले गेले. उरले ते चुंबकीय टेपांवर आहे. या टेपांचे आयुष्य सरत आले आहे आणि त्या वाजवणारी यंत्रे भंगारात चालली आहेत. आज हातपाय हलवले नाहीत, तर एका पिढीचे संगीत आपण स्वतःच्या डोळ्यांदेखत गमावणार आहोत.

काय गमावणार आहोत, ते आधी नीट सांगायला हवे. विनायक चासकर 'गजरा' सादर करीत, तेव्हा छोटी प्रहसने, विनोद आणि गाणी एकाच सूत्रात ओवली जात. दया डोंगरे यांच्यासारखे कलावंत त्यातून घराघरांत पोहोचले. अरुण काकतकरांच्या 'शब्दांच्या पलीकडले'मध्ये भावगीताला त्याचा मान मिळे. 'प्रतिभा आणि प्रतिमा'मधून लेखक-कलावंत प्रेक्षकांशी बोलत, 'किलबिल' मुलांचे होते आणि 'छायागीत'साठी सारे घर गोळा होई. तबस्सुम यांचा 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' 1972 ते 1993 अशी तब्बल एकवीस वर्षे चालला. गाण्याच्या कार्यक्रमाची रीत साधी होती. साधे नेपथ्य, तबला, पेटी, फार तर एखादे व्हायोलिन, आणि समोर बसून गाणारा माणूस. गाणे सुरू होताना पडद्यावर अक्षरे उमटत: कवी कोण, संगीतकार कोण, गायक कोण. कवीचे नाव गायकाच्या बरोबरीने दाखवण्याची ती शिस्त होती. आज मोबाइलवर गाणे लागते तेव्हा गायकाचे नाव दिसते, कवीचे बहुतेक वेळा गायब असते.

पुणे जिल्ह्यातल्या कळस आणि इंदापूर-बारामती पट्ट्यातल्या गावांनी दूरदर्शनचे हे दिवस पाहिले आहेत. गावात मोजके संच, बांबूला बांधलेली अँटेना, ती फिरवायला पत्र्यावर चढलेले पोर आणि खालून घरभरातून "आलं, आलं... गेलं!" असा ओरडा. पडद्यावरच्या मुंग्या हटल्या की ओसरीवर आजी, सुना, गडी, शाळकरी पोरे एकाच सतरंजीवर. कोणाला मान फिरवावी लागत नसे, कोणाला आत उठून जावे लागत नसे. या कार्यक्रमांचा निखळपणा म्हणजे हाच. तो सोवळेपणा नव्हता. लावणी तिथे होती, विनोद होता, प्रेमगीतही होते. पण कार्यक्रम करणाऱ्याने सासू आणि नात दोघींना डोळ्यांसमोर ठेवलेले असे.

हे आपोआप घडले नाही. त्यामागे सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक जबाबदारी होती. दूरदर्शनच्या आधी आकाशवाणीने हा रस्ता घालून दिला. 1 एप्रिल 1955 ला पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले. दर आठवड्याला एक याप्रमाणे ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांनी 56 गाणी दिली. मुंबई आकाशवाणीच्या 'भावसरगम'मधून यशवंत देव यांनी नवी भावगीते श्रोत्यांपर्यंत नेली. कवीला शब्द मागायचे, संगीतकाराला चाल मागायची, नव्या गळ्याला संधी द्यायची आणि हे सारे घरी पोहोचवायचे, असा तो व्यवहार होता. दूरदर्शनने त्याला चेहरा दिला. गीतरामायण आज घरोघर आहे, कारण ते ध्वनिमुद्रित झाले, छापले गेले, पुन्हा पुन्हा गायले गेले. दूरदर्शनच्या गाण्यांचे नशीब तसे नव्हते.

का नव्हते? टेप महाग होती, परदेशातून आणावी लागे. कार्यक्रम दाखवून झाला की त्याच टेपवर पुढचा कार्यक्रम चढवला जाई. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. उद्या हे कोणी मागेल, असे त्या वेळी कोणाला वाटलेच नाही. ब्रिटनच्या बीबीसीनेही तेच केले. त्यांच्या 'डॉक्टर हू' या गाजलेल्या मालिकेचे जवळपास शंभर भाग असेच नाहीसे झाले. आपला पहिला बोलपट, 1931 चा 'आलम आरा', आज कुठेही शिल्लक नाही. गदिमा 1977 पर्यंत हयात होते, गायक वसंतराव देशपांडे 1983 पर्यंत. दूरदर्शनच्या ऐन उमेदीच्या काळात ही माणसे आपल्यात होती. स्मिता पाटील मराठी बातम्या वाचीत होत्या. या माणसांच्या हालचालीची, बोलण्याची, गाण्याची जी मिनिटे टेपेवर उरली असतील, ती सोन्याच्या मोलाची आहेत.

उरलेल्या टेपांचे काय होते, हे समजून घेतले की घाई का करायची ते कळते. टेप म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर चिकटवलेली चुंबकीय भुकटी. वर्षानुवर्षे दमट हवेत राहिली की ती भुकटी धरून ठेवणारा लेप पाणी शोषतो आणि चिकट होतो. अशी टेप यंत्रात घातली तर लेप सुटून यंत्राच्या हेडवर साचतो. चित्र फाटते, आवाज घरघरतो आणि कधी कधी टेप तिथेच संपते. काही टेपा मंद आचेच्या भट्टीत तासन्‌तास तापवून तात्पुरत्या सुकवतात आणि त्या अवधीत एकदाच वाजवून नक्कल काढतात. शिवाय नक्कल काढायला जवळचा रस्ता नाही. तासाभराची टेप तासभरच वाजवावी लागते. हजारो तासांच्या टेपा असतील तर हजारो तास चालतील अशी यंत्रे हवीत आणि ती दुरुस्त करणारे हातही. सोनीने बेटाकॅम टेपांची विक्री 2016 मध्ये थांबवली. त्याच वर्षी जपानच्या फुनाई कंपनीने घरगुती व्हीसीआर बनवणे बंद केले. युनेस्कोने 2019 मध्ये जगभरच्या ध्वनी व दृक्‌श्राव्य अभिलेखागारांच्या संघटनेसोबत धोक्याची घंटा वाजवली होती. 2025 च्या सुमारास जुन्या टेपा वाजवणेच अशक्य होत जाईल, असे तेव्हाच सांगितले गेले. ती मुदत आता आलीच आहे.

काही जण म्हणतील, यूट्यूबवर जुने कार्यक्रम आहेत की. आहेत आणि त्याबद्दल आनंदच आहे. प्रसार भारतीने जुना ठेवा खुला करायला सुरुवात केली, नोव्हेंबर 2024 मध्ये 'वेव्हज' हा मंच आणला, हे चांगलेच झाले. पण तिथे दिसते ते वेचक आहे. कपाटात नेमके काय आहे, कोणत्या स्थितीत आहे आणि काय कायमचे गेले, याची पूर्ण यादी लोकांसमोर ठेवली पाहिजे. यादीच नसेल तर एखादी टेप हरवली हे कळणार तरी कोणाला?

खासगी वाहिन्यांची गोष्ट आणखी गंभीर आहे. 'नक्षत्रांचे देणे'सारखा कार्यक्रम असो की गावागावांतल्या पोरांना गाते करणारे 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स', मराठी संगीताचा पुढचा इतिहास त्या वाहिन्यांच्या ताब्यात आहे. प्रक्षेपणाची नोंद जपण्याची सरकारी अट मात्र 90 दिवसांची. त्यानंतर ठेवायचे की पुसायचे, हे कंपनीने ठरवायचे. पुस्तकांसाठी आपल्याकडे 1954 पासून कायदा आहे. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांत जमा करावीच लागते. चित्रवाणीला असे बंधन नाही. फ्रान्सने 1975 मध्ये चित्रवाणी आणि रेडिओच्या जतनासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था उभारली, 1992 मध्ये प्रसारित कार्यक्रम जमा करणे कायद्याने सक्तीचे केले आणि 2006 मध्ये तो खजिना लोकांसाठी खुला केला. आपल्याला हे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. आपल्याच पुणे जिल्ह्यात 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे आणि जुन्या चित्रपटांच्या जतनासाठी केंद्राने 597 कोटी रुपयांची मोहीम हाती घेतली. चित्रपटाला जे मिळाले, ते चित्रवाणीला का मिळू नये?

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. मुंबई दूरदर्शनकडच्या सर्व टेपांची यादी वर्षभरात जाहीर करावी. ज्या टेपा सर्वांत आधी मरणार आहेत, त्यांची नक्कल सर्वांत आधी काढावी. लोकप्रियतेचा क्रम लावू नये. कवी, संगीतकार आणि वादकांची नावे प्रत्येक कार्यक्रमासोबत नोंदवावीत आणि त्यांच्या वारसांचा हक्क राखावा. खासगी वाहिन्यांनी निवडक मराठी कार्यक्रमांची प्रत सार्वजनिक संग्रहालयात द्यावी, असा कायदा व्हावा. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दर्जासोबत येणाऱ्या निधीतला एक वाटा राज्य सरकारने गायलेल्या आणि बोललेल्या मराठीसाठी राखून ठेवावा. अभिजातपण फक्त ताम्रपटांत आणि पोथ्यांत नसते.

आणि एक काम आपल्या इंदापूर तालुक्याचे आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत अनेक घरांत व्हीसीआर आले. लग्नाच्या कॅसेटखाली, जुन्या ट्रंकेत, कोणी तरी उतरवून ठेवलेला दूरदर्शनचा कार्यक्रम असू शकतो. जत्रेतले भारूड, गावचे भजन, पालखीतल्या बेलवाडीच्या रिंगणाचे चित्रण असू शकते. बीबीसीने पुसलेल्या कित्येक गोष्टी पुढे लोकांच्या घरांतून आणि परदेशी केंद्रांच्या कपाटांतून परत मिळाल्या. कळसपासून इंदापूरपर्यंत ग्रामपंचायती, शाळा आणि भजनी मंडळांनी अशा कॅसेट गोळा करण्याचे ठरवले, तर अवघड काही नाही. बारामतीत विद्या प्रतिष्ठानची 'वसुंधरा वाहिनी' हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे, महाविद्यालये आहेत, हुशार मुले आहेत. कॅसेटवर बुरशीचा पांढरा थर दिसला, तर ती घरच्या यंत्रात घालू नका, फेकूनही देऊ नका. जाणकाराच्या हाती द्या.

याच मातीत शके 1640 मध्ये, म्हणजे 1718 साली, श्रीधरस्वामींनी बारामतीत शिवलीलामृत पूर्ण केले. मोरोपंतांच्या आर्या इथेच लिहिल्या गेल्या. मूळ कागद टिकला म्हणून हे वाङ्‌मय आपल्यापर्यंत आले नाही. पोथी जीर्ण होण्याआधी कोणीतरी बसून ती नकलून घेतली, कीर्तनकारांनी ती मुखोद्गत ठेवली. टेपेचेही तसेच आहे. ती कपाटात जपून वाचत नाही, वेळेत नक्कल काढली तरच वाचते. आपल्या पूर्वजांनी बोरू आणि दिव्याच्या उजेडात जे काम केले, ते यंत्रे, वीज आणि सरकार हाताशी असताना आपल्याला जमले नाही, तर दोष काळाचा असणार नाही. तो आपला असेल. येत्या अधिवेशनात आपल्या लोकप्रतिनिधींनी हा प्रश्न विचारावा आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प बसू नये.